हिशेब येतो, मग गणित का येत नाही?

आठवडी बाजारात भाजीच्या ढिगामागे आईशेजारी बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी आपल्या ओळखीची असते. गिऱ्हाइकाची भाजी सदतीस रुपयांची झाली आणि त्याने शंभराची नोट पुढे केली, की ती न अडखळता त्रेसष्ट रुपये परत देते. दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्यासमोर फळ्यावर १०० आणि त्याखाली ३७ अशी उभी मांडणी येते, आणि ती उत्तर लिहिते १३७. शंभरातून काही काढलं तर उरलेलं शंभरापेक्षा जास्त कसं होईल, हा प्रश्न तिला पडतच नाही. बाजारात शंभराच्या नोटेवर एकशे सदतीस रुपये परत देण्याची चूक ती स्वप्नातही करणार नाही.

मग ही मुलगी गणितात हुशार म्हणायची की कच्ची? प्रगतिपुस्तक म्हणतं कच्ची, बाजार म्हणतो हुशार. शिक्षक तिला पुन्हा तेच उदाहरण देतात, आवाज थोडा चढवतात, दहा उदाहरणं जास्त घालतात. तरी १३७ जात नाही. कारण ही चूक आळसातून आलेली नाही, तिच्यामागे पक्कं तर्कशास्त्र आहे. ते तर्कशास्त्र कळल्याशिवाय वेगवेगळ्या घरांतून, भाषांतून, परिस्थितीतून आलेली मुलं एका वर्गात गणित शिकू शकत नाहीत.

रेसिफेचा नारळवाला आणि कोलकात्याचा भाजीवाला

हे कोडं फक्त आपल्याकडचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा बारकाईने अभ्यास केला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका नारळ विकणाऱ्या मुलाला त्यांनी दहा नारळांची किंमत विचारली. एक नारळ ३५ क्रुझेरोंचा. शाळेत शिकवतात तसा दहाने गुणताना शून्य लावण्याचा मार्ग त्याने घेतला नाही. तीन नारळांचे १०५ त्याला रोजच्या सवयीने पाठ होते. त्यात आणखी तीन, आणखी तीन आणि शेवटी एक, असं करत तो ३५० वर पोचला. पाच मुलांनी रस्त्यावर सोडवलेली ९८ टक्के उदाहरणं बरोबर निघाली. तशीच उदाहरणं नुसते आकडे मांडून कागदावर दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं.

पाच मुलांवरून निष्कर्ष काढू नये, अशी शंका कोणी घेईल, तर नवा पुरावा भारतातलाच आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं आणि बाजाराचा अनुभव नसलेली ४७१ शाळकरी मुलं तपासली. हा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. गिऱ्हाईक बनून गेलेल्या संशोधकांनी मुद्दाम अडनिड मापं मागितली: २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे. बेरीज ३७ रुपये. वरचा सदतीसचा आकडा तिथूनच घेतला आहे. मग दोनशेची नोट दिली. बाजारातल्या बहुतेक मुलांनी हिशेब बिनचूक केला. तीच मुलं पाठ्यपुस्तकी मांडणीपुढे अडखळली.

मात्र या अभ्यासातला दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळकरी मुलांना कागदावरची उदाहरणं बरी जमली, पण बाजारचा हिशेब समोर आला तेव्हा ती हरली. तोंडी गणिताचे सोपे मार्ग त्यांना माहीतच नव्हते. म्हणजे गळती दोन्ही बाजूंनी आहे. शाळा बाजाराकडून काही घेत नाही आणि शाळेतलं बाजारात पोचत नाही. 'गरीब घरच्या मुलांना गणित जमत नाही' हे म्हणणं जितकं खोटं, तितकंच 'पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला गणित येतं' हेही अर्धवट.

१३७ येतं कुठून?

आता त्या मुलीच्या वहीत डोकावू. एककाच्या घरात वर शून्य, खाली सात. शून्यातून सात जात नाहीत. पण तिला एक नियम पक्का ठाऊक आहे: मोठ्यातून लहान वजा करायचं. मग सातातून शून्य गेलं, राहिले सात. दशकाच्या घरात तीनातून शून्य गेलं, राहिले तीन. शतकाचा एक तसाच खाली आला. १३७. शिकवलेला नियम तिने प्रत्येक घरात इमानेइतबारे पाळला आहे. तिच्यासाठी हे तीन सुटे आकड्यांचे खेळ आहेत. शंभर नावाची एक वस्तू, जी नोट म्हणून ती रोज हाताळते, ती या मांडणीत तिला दिसतच नाही.

बाजारात ती काय करते? सदतीस आणि तीन चाळीस, चाळीस आणि साठ शंभर. म्हणजे त्रेसष्ट. ती वजा करत नाही, पुढे मोजत जाते. पूर्ण वेळ तिच्या डोळ्यांपुढे रक्कम असते, आकडे नसतात. हा मार्ग कमी प्रतीचा अजिबात नाही. फळ्यावर एक आडवी रेघ ओढावी, डाव्या टोकाला ३७, उजव्या टोकाला १०० लिहावं आणि ३७ वरून ४० वर, ४० वरून १०० वर अशा उड्या काढाव्यात. झालं, बाजारचा हिशेब संख्यारेषेवर आला. तिचाच मार्ग, पण आता कागदावर आणि सगळ्या वर्गाला दिसणारा.

उभी मांडणीही शिकवायचीच आहे, ती पुढे लागते. पण तिच्याआधी हात चालले पाहिजेत. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायचे, असे दहा गठ्ठे एकत्र बांधून शंभराचा मोठा गठ्ठा करायचा. आता यातून सदतीस काढ, असं सांगितलं की मूल थबकतं. सुटी काडी एकही नाही. मोठा गठ्ठा सोडावा लागतो, हाती दहा दशक येतात. त्यातला एक दशक सोडावा लागतो, सुट्या दहा काड्या होतात. राहिले नऊ दशक आणि दहा सुटे. त्यातून तीन दशक आणि सात सुटे काढले, सहा दशक आणि तीन सुटे उरले. 'हातचा' ज्याला म्हणतात तो हाच सोडलेला गठ्ठा. शून्यावर ९ आणि १० लिहिण्याची जी जादू फळ्यावर होते, ती इथे बोटांना कळते.

पायाभूत स्तरासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात हाच क्रम चार शब्दांत सांगितला आहे: अनुभव, भाषा, चित्र, चिन्ह. आधी वस्तू हाताळायची, मग काय केलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, मग चित्र काढायचं आणि शेवटी आकडे लिहायचे. आपल्या बऱ्याच वर्गांत सुरुवातच चौथ्या पायरीवर होते. गणित पेटी कपाटात असते, मणी हरवतील म्हणून कुलूपही असतं. मणी हरवले तरी चालतील, चिंचोके कुठेही मिळतात.

मात्र नुसतं साहित्य वाटून गणित येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. मुलं काड्या मोजतात, उत्तर सांगतात आणि काड्यांचा वहीशी काही संबंध आहे हे त्यांच्या गावीही नसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. गठ्ठा सोडला की लगेच वहीत खूण, आणि तोंडाने 'मी एक दशक सुटा केला' असं म्हणणं. यातली दुवा जोडणारी मधली पायरी, म्हणजे बोलणं, सर्वांत जास्त गाळली जाते.

सत्तावीस म्हणावं आणि बहात्तर लिहावं

पहिली-दुसरीच्या वह्यांत एक चूक हमखास सापडते. बाईंनी 'सत्तावीस' सांगितलं आणि मुलाने ७२ लिहिलं. त्याने ऐकलं तसं लिहिलं. मराठीत एकवीस ते अठ्ठ्याण्णव या संख्यांची नावं बहुतेक ठिकाणी एककापासून सुरू होतात: आधी सत्ता, मग वीस. लिहिताना मात्र दशक आधी. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही मंडळी वेगळीच. 'एकोणपन्नास' या नावात पन्नास आहे, लिहिताना ना पाच आहे ना शून्य. एकोणसाठ आणि एकसष्ट यांत तर चांगल्या चौथीतल्या मुलांची गल्लत होते.

आता हाच वर्ग सोलापुरात आहे असं समजा. काही मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. या दोन्ही भाषांत दशक आधी येतो, एकवीसला 'वीस-एक' अशाच क्रमाने म्हणतात. त्या मुलांना मराठी संख्यानावांत एक उलटी गिरकी जास्तीची घ्यावी लागते. सेमी इंग्रजीच्या वर्गात बाई 'सेव्हन्टी टू' म्हणतात, घरी आजी 'बहात्तर' म्हणते. मेळघाटात घरची भाषा कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली बोली. संख्या एकच, पण तिच्यापर्यंत पोचायचे रस्ते मुलागणिक वेगळे.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. भाषेचं सौंदर्य बुडालं अशी टीका झाली. गणित अभ्यास मंडळाच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे बाजू मांडली की, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत अडकलेल्या लहान मुलांसाठी ही सोय आहे. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. 'सत्तावीस' शिकवायचंच, त्यात वादच नाही. पण 'सत्तावीस म्हणजे वीस आणि सात' हे शिक्षक दहादा म्हणू लागले, तर कोणत्याही भाषेचं नुकसान होत नाही आणि स्थानिक किंमत, म्हणजे आकड्याच्या जागेनुसार ठरणारी त्याची किंमत, कानावाटे आत जाते. बहुभाषक वर्गात आणखी एक करता येतं. 'तुझ्या घरी याला काय म्हणतात?' असं विचारून सगळी नावं फळ्यावर लिहायची. कोणत्या भाषेत दशक आधी, कोणत्या भाषेत एकक आधी, हे मुलंच शोधून काढतात. ज्या मुलाची भाषा शाळेत कधी ऐकूच येत नाही, त्याला त्या तासाला काही सांगायला मिळतं.

'जास्त' दिसलं की बेरीज

राधाकडे १२ बोरं आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर सलमाकडे किती बोरं?

कितीतरी मुलं १७ लिहितात. 'जास्त' शब्द दिसला म्हणजे बेरीज, 'उरले' दिसलं म्हणजे वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसलं म्हणजे भागाकार, अशी यादी त्यांना कोणीतरी प्रेमाने पाठ करून दिलेली असते. परीक्षेपुरती ती कधी कधी चालतेही. पण ती मुलांचं वाचणंच थांबवते. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुसंख्य मुलांनी दोन आकडे पकडून काहीतरी उत्तर दिलं, पुष्कळांनी ३६. ही मुलं मूर्ख नव्हती. गणिताच्या तासाला अर्थ विचारायचा नसतो, दिलेले आकडे वापरायचे असतात, हे त्यांनी शाळेतच शिकून घेतलं होतं.

ज्या मुलाची घरची भाषा वेगळी आहे, त्याच्यावर हा भार दुप्पट पडतो. '५ ने जास्त' यातला 'ने' त्याला अडवतो, गणित नाही. यावर एक साधा उपाय चांगला चालतो. प्रश्न वाचून दाखवताना आकडे झाकायचे. 'राधाकडे काही बोरं आहेत. सलमापेक्षा जास्त आहेत.' मग विचारायचं: कोणाकडे जास्त? कोणाकडे कमी? चित्र काढ. मुलं एक लांब पट्टी काढतात, तिच्याखाली आखूड पट्टी. आता आकडे उघडायचे. लांब पट्टी १२ ची, मधला फरक ५ चा, आखूड पट्टी किती? जे मूल वाक्यात हरवलं होतं, ते पट्टीत सापडतं. इयत्ता तिसरीपासून आठवीपर्यंत ही पट्टी कामी येते, पुढे टक्केवारीतसुद्धा.

डोक्यातला ओटा

आपण मनातल्या मनात काही हिशेब करताना आकडे जिथे तात्पुरते धरून ठेवतो, त्या जागेला मानसशास्त्रज्ञ कार्यकारी स्मृती म्हणतात. ती लहान स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी असते. एका वेळी तीन-चार भांडीच मावतात, पाचवं ठेवलं की एखादं खाली पडतं. लहान मुलांचा ओटा मोठ्यांपेक्षाही आखूड.

३४ × ६ करताना मुलाला सहा चोक किती ते मोजत बसावं लागलं, तर ओटा तिथेच भरतो. चोवीसमधला हातचा दोन लक्षात ठेवायला जागा उरत नाही. म्हणून पाढे हवेत. घोकंपट्टी वाईट म्हणून पाढे सोडून द्यायचं जे फॅड मध्यंतरी आलं, ते मला चुकीचं वाटतं. पाठ झालेला पाढा ओट्यावर जागा मोकळी करतो. पण तो पाठ होण्याआधी समजलेला असला पाहिजे. चिंचोक्यांच्या सहा-सहाच्या ओळी मांडून 'सहा चोक चोवीस' डोळ्यांनी पाहिलेलं मूल पाढा विसरलं, तरी तो पुन्हा उभा करू शकतं. सहा पंचे तीस आठवतंय, त्यातून एक सहा काढला. नुसतं घोकणारं मूल विसरलं की पहिल्यापासून म्हणायला लागतं.

बोटांवर मोजणाऱ्याला रागावू नये, तेही याच कारणाने. बोटं म्हणजे ओट्याबाहेर ठेवलेली भांडी. आपल्याकडे अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची रीत आहे. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांना बारा. तीनाचा पाढा हातावरच आहे. सराव झाला की बोटं आपोआप सुटतात.

भीतीही ओट्यावर जागा व्यापते. 'चल, पटकन सांग, सात आठे किती?' असं सगळ्या वर्गासमोर विचारलं की घाबरलेल्या मुलाच्या डोक्यात 'चुकलं तर हसतील' एवढंच राहतं. त्याला उत्तर येत असतं, ते धरायला जागा नसते. मुलींच्या बाबतीत हे अधिक जपावं लागतं. 'मला स्वतःला गणित कधी जमलं नाही गं' हे आईचं किंवा बाईंचं सहज बोललेलं वाक्य मुली मनावर घेतात. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींचं गणित वर्षअखेरीस मागे पडलं होतं. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही.

पाव किलोचा खजिना

मराठी घरातलं मूल अपूर्णांकांतच वाढतं. पाव किलो साखर, अर्धा लिटर दूध, दीड तास, सव्वा रुपया, अडीच किलोमीटर, साडेतीन हात. जुन्या शाळांत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांच्या पाढ्यांची मालिकाच होती. इतका साठा असून पाचवीत १/४ आणि १/८ यांत मोठा कोणता विचारलं, की अर्धा वर्ग म्हणतो १/८. कारण आठ चारापेक्षा मोठे.

इथेही कारण तेच. इतकी वर्षं पूर्ण संख्यांनी शिकवलं की मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू. अपूर्णांकात खालचा आकडा वाटेकरी मोजतो, आणि वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो. हे धड्यातल्या रंगवलेल्या गोलांपेक्षा तराजूवर लवकर कळतं. एक किलो तांदूळ चौघांत वाटला, एकेकाला पाव किलो. आठ जणांत वाटला, एकेकाला अर्धा पाव. 'अर्धा पाव मोठा की पाव?' याचं उत्तर दुसरीतलं मूलही देतं. मग त्याच दोन ढिगांपुढे १/४ आणि १/८ च्या चिठ्ठ्या ठेवायच्या. पुस्तकातला अपूर्णांकाचा धडा 'पाव' शब्दाने सुरू न होता तिरकी रेघ मारलेल्या चिन्हाने सुरू होतो, तेव्हा मुलाच्या घरातली एवढी शिदोरी आपण दाराबाहेर ठेवतो.

चौकट : वहीतली चूक काय सांगते?

१०० − ३७ = १३७ : प्रत्येक घर सुटं धरलं आहे. गठ्ठा सोडण्याचा अनुभव हवा.

४८ + २५ = ६१३ : आठ आणि पाच तेरा झाले, पण दहाचा गठ्ठा बांधायचा राहिला.

तीनशे सात = ३००७ : ऐकलं तसं लिहिलं, आधी ३००, मग ७. शतक, दशक, एकक अशी घरं आखून त्यांत आकडे लिहू द्या.

सत्तावीस = ७२ : नावाचा क्रम उलटा आहे. 'वीस आणि सात' असं म्हणवून घ्या.

१/८ हा १/४ पेक्षा मोठा : वाटेकरी आणि वाटा यांत गोंधळ. वाटप करून पाहू द्या.

एका सतरंजीवर पाच पातळ्या

'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे ३४ टक्क्यांना हातच्याची वजाबाकी येत होती आणि पाचवीच्या सुमारे ३१ टक्क्यांना साधा भागाकार. हे आधीच्या वर्षांपेक्षा बरे आकडे आहेत. तरीही अर्थ असा की पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवणाऱ्या गुरुजींसमोर दहापैकी सहा-सात मुलं अशी असतात, ज्यांचा दुवा आधीच कुठेतरी तुटलेला आहे.

तो कुठे तुटला, हे प्रत्येकाचं वेगळं. बीडच्या ऊसतोड कामगाराचा मुलगा दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातो आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततो. त्याचं अख्खं दुसरं सत्र हुकतं. हंगामी वसतिगृहात राहिला तर थोडं सावरतं. तोच मुलगा टनाचा भाव, कोयत्याची उचल, म्हणजे तोडणीच्या जोडप्याने आगाऊ घेतलेले पैसे, आणि कापली गेलेली रक्कम यांचा हिशेब ऐकत वाढतो. त्याला मोठ्या संख्यांची भीती नसते, फक्त भागाकाराची मांडणी कोणी दाखवलेली नसते. त्याला पहिलीपासून पुन्हा सुरुवात करायला लावणं हा त्याचा अपमान आहे. आणि सगळ्यांबरोबर पुढे ढकलणं म्हणजे त्याला सोडून देणं.

मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने यावर एक सरळ मार्ग रूढ केला. दिवसातला एखादा तास इयत्ता विसरायची. पाच मिनिटांच्या तोंडी चाचणीने प्रत्येक मूल कुठे आहे ते पाहायचं आणि त्यानुसार गट करायचे. चौथीतला आणि दुसरीतला एकाच गटात बसू शकतात. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहायचं, गट बदलायचे. गट बदलणं हा यातला प्राण आहे. तेच गट वर्षभर राहिले, की 'हुशारांची रांग' आणि 'ढ गोळ्यांची रांग' तयार होते आणि मुलं ती विसरत नाहीत.

दोन शिक्षकी शाळेत, जिथे एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथे दिवसभर गट चालवणं अवघड. तिथे असे प्रश्न हवेत ज्यांत प्रत्येकाला शिरता येईल. उदाहरणार्थ: 'उत्तर २४ येईल असं गणित तयार करा.' पहिलीतली मुलगी २० + ४ लिहिते, किंवा चोवीस चिंचोके मोजून ठेवते. दुसरीतला ३० − ६ आणतो. तिसरीची मुलं चिंचोक्यांच्या ओळी लावतात: तीन ओळी आठाच्या, चार ओळी सहाच्या. मग पाचच्या ओळी होतात का म्हणून झटापट करतात, आणि चार उरतात हे त्यांना कळतं. चौथीतला ९६ ÷ ४ करतो. आणि पाढ्यात मागे असलेली, पण बाजारात तरबेज असलेली एखादी म्हणते, 'शहाण्णवचा पाव'. तिचं उत्तर आणि चौथीतल्याचा भागाकार एकच आहे, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवायची हीच वेळ. गुरुजींनी इथे विचारायचा प्रश्न एकच: 'कसं काढलंस?' बरोबर उत्तरालाही हाच प्रश्न, चुकीच्या उत्तरालाही हाच. फक्त चुकल्यावरच विचारला, तर मुलं प्रश्न ऐकताच उत्तर खोडतात.

ज्यांना वेगळं साधन लागतं

न पाहू शकणाऱ्या मुलांसाठी टेलर फ्रेम नावाची पाटी असते. तिच्यावर अष्टकोनी भोकं असतात आणि धातूचे छोटे खिळे. खिळा कोणत्या दिशेने बसवला त्यावरून अंक ठरतो, बोट फिरवलं की कळतो. गठ्ठे, मणी, पट्ट्या ही साधनं अशा मुलांना जितकी लागतात तितकीच डोळस मुलांनाही उपयोगी पडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा कोपरा करायची गरज नसते. ऐकू न येणाऱ्या मुलाची अडचण आकड्यांत कमी आणि शाब्दिक उदाहरणांत जास्त असते. त्याला चित्र आणि अभिनय हवा.

काही मुलांना, मोजक्याच, संख्यांची जाणच मुळात अवघड जाते. चौथीतही ३ + २ बोटांवर मोजावं लागतं, सात मोठे की नऊ हे सांगायला वेळ लागतो, वाचन मात्र व्यवस्थित असतं. याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे तपासणी आणि सवलत हा त्या मुलाचा हक्क आहे. पण हे लेबल लावायची घाई नको. नीट शिकवलंच गेलं नाही म्हणून मागे राहिलेली मुलं यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावं असं उद्दिष्ट ठेवलं आहे, मुदत २०२६-२७ ची. ते गाठायचं तर केवळ शिक्षकांवर सोडून भागणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. तुम्ही त्या समितीत असाल, किंवा नुसते पालक म्हणून सभेला जात असाल, तर पुढच्या वेळी 'अभ्यासक्रम किती संपला?' हे विचारू नका. 'आमच्या मुलांपैकी किती जणांना शंभराचा गठ्ठा सोडून वजाबाकी करता येते, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रोजचा कोणता तास ठेवला आहे?' असं विचारा. गणित पेटी कुठे आहे, हेही विचारा, आणि ती कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा.